भुंकू द्या, आपण घरचेच

'बोलकी' हे सॉफ्टवेअर फुकट होतं, खुलं होतं आणि कुणाच्याही संगणकावर धड चढत नव्हतं. पहिल्या दोन गोष्टी मास्तर अभिमानाने सांगत. तिसरी लोक सांगत, आणि तेही असे लोक की ज्यांच्याकडे सांगायला फार वेळ उरलेला नसे.

कारण बोलकीचं काम साधं आणि भयंकर होतं. आजाराने ज्याचा आवाज जाणार आहे, त्याने तो जायच्या आत तिच्यासमोर बसायचं आणि ती दाखवेल ती वाक्यं शेकड्यांनी वाचायची. त्या वाक्यांचे बारीक बारीक तुकडे करून ती त्यांतून आवाज बांधायची. पुढे जीभ लुळी पडली तरी त्या माणसाने लिहिलेलं त्याच्याच आवाजात ऐकू यायचं. हे सगळं मास्तरांनी एकट्याने उभं केलं होतं. ते शाळेत वगैरे कुठे शिकवत नव्हते. दुसऱ्याची चूक दिसली की तिच्याखाली लाल रेघ ओढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. हुशार माणूस. पण हुशार माणसांचं एक असतं, आपल्याला जमतं ते जगालाही जमत असणार अशी त्यांची भाबडी समजूत असते. डाउनलोडच्या पानावर त्यांनी एवढंच लिहून ठेवलं होतं: मूळ कोड येथे ठेवला आहे, आपापल्या संगणकावर बांधून घ्यावा. घर हवं म्हणणाऱ्याला विटांचा ढीग दाखवावा, तसं.

हे पान सुधारायचं काम धाकटीने अंगावर घेतलं. दोघी बहिणींतली ती लहान, म्हणून घरी धाकटी. बोलकीवर फुकट राबणाऱ्या चार डोक्यांतही तीच वयाने लहान निघाली, म्हणून तिथेही धाकटी. पोटासाठी ती एका छापखान्याचे संगणक सांभाळायची आणि उरलेला जीव इथे ओतायची. संगणकांची घराणी तीन. एक, दुकानातून घेतला की आपोआप येतं ते. दुसरं महागडं, चंदेरी, आपल्या मालकावरही विश्वास न ठेवणारं. तिसरं फुकटातलं, ज्याचे भक्त कायम एकमेकांशीच भांडत असतात. एकासाठी केलेली फाईल दुसऱ्याला पचत नाही. धाकटीने तिघांसाठी तीन वेगळ्या फायली बांधल्या, पानावरची सगळी पंडिती खरवडून काढली आणि तिथे एकच मोठं हिरवं बटण ठेवलं. समोरच्याचा संगणक कुठल्या घराण्यातला ते पानानेच ओळखायचं आणि त्याच्या मापाची फाईल त्याच्या हातात ठेवायची. ते बटण पाहून मास्तर "हे पान आहे की लिफ्ट?" एवढंच म्हणाले. म्हणजे त्यांना आवडलं होतं.

धाकटीला हे सुचलं ते काही जगाच्या कळवळ्याने नव्हे. ताईच्या जिभेला जडपणा येऊ लागला होता.

ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या फोनवर बसायची. नळ कोरडा राहिला की गाव तिला फोन करायचं. ताई आधी माणसाला झापायची, मग त्याची तक्रार लिहून घ्यायची आणि शेवटी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. तिचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता, आवाज सगळ्यांना ठाऊक होता. भाजीच्या दुकानात ती "मिरच्या द्या" म्हणाली की मागून कुणीतरी विचारायचं, "ताई, आमच्या गल्लीचं काय झालं हो?" जाडसर, किंचित घोगरा आवाज, हसू येण्याआधी एक पायरी खाली उतरणारा. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि क्रमही सांगितला: आधी बोलणं जाईल, मग हात, मग बाकीचं. ताईने विचारलं, "क्रम बदलून मिळेल का? हात आधी घ्या, तोंड शेवटी." डॉक्टर हसले नाहीत. भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, तेवढे हसले, आणि बाहेर आल्यावर त्यांना चपलेतली डावी-उजवी कळेना.

भावोजींचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना खुर्चीत बसवून समोरची पाटी वाचायला लावायची, शेवटच्या ओळीपर्यंत न्यायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. स्वतः माणूस महाकाटेकोर. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी कागदाची घडीसुद्धा उलगडून पूर्ण वाचणारा. ताई म्हणायची, "आमच्याकडे साबणावरच्या सूचनाही पाळतात."

आवाज भरायला शांत जागा हवी. ताईच्या घरामागून मालाचे ट्रक जायचे, म्हणून भावोजींनी अंथरुणांचं मोठं कपाट अर्धं रिकामं केलं आणि आत एक स्टूल ठेवलं. ताई गाद्या-रजयांच्या मधोमध बसून वाक्यं वाचायची, भावोजी बाहेर जमिनीवर बसून बटण दाबायचे. वाक्य चुकलं की कपाटातून शिवी यायची, आणि भावोजी तीही जपून ठेवायचे. बोलकीची वाक्यं संपल्यावर ताईने आपली सुरू केली. फोनवर कुणाला कसं झापायचं, नवऱ्याला हाक कशी मारायची, राग आला असताना "काही नाही" कसं म्हणायचं. जीभ महिन्यागणिक जड होत होती, त्यामुळे दोघं जीव तोडून भरत होते. त्यातली काही वाक्यं तिने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला लावली आणि धाकटीला बजावलं, "हे तू ऐकायचं नाहीस. हे आम्हा नवरा-बायकोचं आहे."

"मी कशाला ऐकू?" धाकटी म्हणाली आणि कानांवर हात ठेवले.

तसंही बोलकीचा नियमच होता की आवाज ज्याचा त्याच्या घरात राहणार. आपण हत्यार द्यायचं, आवाज मागायचा नाही, हे मास्तरांचं ब्रीद. त्यामुळे ताईच्या आवाजाची प्रत धाकटीकडे नव्हती, आणि मागून घ्यावी असं तिच्या मनातही आलं नाही. मनात यायला हवं होतं. पण माणूस बुडायच्या आधी पोहायला थोडंच शिकतो.

एकच वाक्य तिने मागून घेतलं होतं, तेही अगदी सुरुवातीला. बोलकी संगणकावर चढली की काहीतरी ऐकू यावं, म्हणजे सगळं ठीक झालं हे आजारी माणसाला कळेल, असा तिचा विचार होता. ताईने ते एका दमात म्हटलं, तक्रार लिहून झाल्यावर म्हणायची तसंच: "झालं बरं का. आता तुम्ही बोला." तेव्हा तिची जीभ अजून तिच्या ताब्यात होती. ते वाक्य तिन्ही फायलींत गेलं आणि हजारो अनोळखी घरांत वाजू लागलं.

आता राहिली ती पाटी. दुकानातून येणाऱ्या संगणकावर बोलकीची फाईल उघडली की पडदाभर निळी पाटी यायची: हा प्रोग्रॅम अनोळखी व्यक्तीने केला आहे, चालवल्यास संगणकाला धोका संभवतो. खाली मोठं बटण एकच, 'चालवू नका'. ही पाटी टाळायची तर फाइलीवर मान्यतेचा शिक्का हवा, आणि शिक्का देणाऱ्या कंपन्यांना अर्जदाराचं नावगाव, ओळखपत्र आणि दरसालची फी लागते. मास्तर फोनवर भडकले.

"आपला कोड सगळ्या जगासमोर उघडा आहे. ज्याला शंका असेल त्याने वाचावा. यांच्या शिक्क्यासाठी मी ताटकळत उभा राहू? जमणार नाही."

"मास्तर, कोड कोण वाचतंय? माणसं घाबरून बंद करतात हो. रोज चार तरी निरोप येतात."

"मग त्यांना समजावून सांग. तुला छान सांगता येतं."

आणि धाकटीने समजावून सांगितलं. हिरव्या बटणाखाली तिने त्या निळ्या पाटीचं चित्र टाकलं. कोपऱ्यातल्या 'अधिक माहिती' या बारीक अक्षरांभोवती लाल गोल काढला, तिथून एक बाण 'तरीही चालवा'पर्यंत नेला आणि शेजारी लिहिलं: "ही पाटी म्हणजे दारातला कुत्रा. अनोळखी दिसला की भुंकतो. भुंकू द्या, आपण घरचेच."

हे शब्दही खरं तर तिचे नव्हते. लहानपणी शिकवणीला जाताना एका फाटकातून कुत्रा अंगावर यायचा आणि धाकटीचे पाय तिथेच थिजायचे. ताई तिचं मनगट धरून ओढत न्यायची. "भुंकू दे गं. आपण घरचेच." ते घर त्यांचं नव्हतं आणि त्या घरात त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. पण ताई इतक्या ठसक्यात म्हणायची की कुत्रासुद्धा विचारात पडायचा.

तक्रारी थांबल्या. आभाराचे निरोप येऊ लागले. एका बाईने लिहिलं, कुत्र्याचं वाचून आजारपणानंतर पहिल्यांदा हसले आणि दाबलं. धाकटीने तो निरोप ताईला दाखवला. ताई तेव्हा एकेक शब्द चघळून बोलायची. बराच वेळ घेऊन ती म्हणाली, "माझं वाक्य चोरलंस." दोघी हसल्या. धाकटीला तर आपण फार मोठं काम केलं असं वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त एक गोष्ट त्या चार हुशार डोक्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. धोक्याची पाटी ओलांडायची सवय लावलेला माणूस आपलीच पाटी ओलांडेल, दुसऱ्याची नाही, असं कुठे लिहिलंय?

मग ताईची जीभ गेली आणि बोलकी बोलू लागली. ताई एका बोटाने लिहायची आणि खोलीत तिचा आवाज व्हायचा. बांधलेला आवाज तो, कुठे कुठे सांधे जाणवायचे, पण ताईच. पहिलं वाक्य तिने लिहिलं ते "चहात साखर विसरलात". भावोजी स्वयंपाकघरात जाऊन डबा शोधत बसले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. कचेरीतल्या बायका भेटायला आल्या की ताई त्यांना कपाटातल्या जपून ठेवलेल्या शिव्या ऐकवायची. माणूस जात होता आणि घर नांदतं होतं, असे काही महिने गेले.

पुढे ते बोटही थकलं. आता डोळ्यांच्या हालचालीवर अक्षरं निवडणारा कॅमेरा आणावा लागणार होता, आणि तो चालायचा फक्त दुकानातून येणाऱ्या संगणकावर. ताईचा जुना संगणक फुकटातल्या घराण्यातला, धाकटीने स्वतः बसवून दिलेला. तोही धापा टाकत होता. भावोजींनी नवा लॅपटॉप घेतला. जुन्यातला ताईचा सगळा आवाज त्यांनी एका हार्ड डिस्कवर घेतला, वर खबरदारी म्हणून पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत काढली. नशीब बघा, त्याच आठवड्यात जुना संगणक आतल्या डिस्कसकट कायमचा बंद पडला. भावोजी म्हणाले, "वेळेवर काढलं." मग त्यांनी धाकटीला फोन लावला.

"नव्या लॅपटॉपवर बोलकी घालायची आहे. येतेस का?"

छापखान्यात यंत्र अडलेलं होतं आणि मालक डोक्यावर उभा होता. धाकटी म्हणाली, "भावोजी, पान इतकं सोपं करून ठेवलंय की माझी गरजच नाही. नाव शोधा, हिरवं बटण दाबा. पाटी आली तर खाली लिहिलंय तसं करा."

"सगळं लिहिलंय ना?"

"अक्षर न् अक्षर."

"मग झालं. वाचणं हा तर आपला धंदाच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी छापखान्यात पोचते न पोचते तोच त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, फक्त सावकाश. "अगं, बोलकी चढली. पण हिच्या फायली उघडत नाहीत. सगळ्यांची नावं बदललीत. मी काही केलेलं नाही."

धाकटी मालकाला न सांगताच बाहेर पडली. रिक्षा मिळेना म्हणून ती पळत गेली.

ताईच्या पलंगाशेजारी टेबलावर लॅपटॉप उघडा होता. एका बाजूला हार्ड डिस्क लावलेली, दुसऱ्या बाजूला पेन ड्राइव्ह. काम एकदाच उरकावं म्हणून भावोजींनी दोन्ही प्रती एकदमच जोडल्या होत्या. प्रत्येक फाइलीच्या नावाला एक परकी शेपटी लागलेली होती. वाक्यांचं फोल्डर, बांधलेला आवाज, शिव्या, नवरा-बायकोचं ते वेगळं ठेवलेलं, सगळं कुलूपबंद. पडद्याच्या मधोमध एक लाल चौकट होती: तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असल्यास या पत्त्यावर लिहा.

धाकटीने भावोजींनी उघडलेलं पान पुन्हा उघडलं. तेच हिरवं बटण. तेच निळ्या पाटीचं चित्र, तोच लाल गोल, तोच बाण. आणि शेजारी तिचंच वाक्य, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. वर पत्ता तेवढा दुसराच होता. चोरांनी तिचं पान जसंच्या तसं उचलून आपल्या दारावर लावलं होतं आणि जाहिरातीच्या जोरावर शोधणाऱ्याच्या नजरेला ते पहिलंच पडेल अशी सोय केली होती.

"पाटी आली होती?" तिने विचारलं.

"आली ना. निळी. तू लिहिलंयस तसंच केलं. आधी ती बारीक अक्षरं, मग 'तरीही चालवा'."

"हे पान आपलं नाही, भावोजी."

"म्हणजे? तुझं ते कुत्र्याचं आहे की त्यावर." ते तिच्याकडे बघत राहिले. "आणि हिचा आवाजही आला. 'झालं बरं का, आता तुम्ही बोला.' बांधलेला नव्हे गं, मूळचा. किती दिवसांनी ऐकला. मी हिला म्हटलंसुद्धा, ऐकलंस का, तूच आहेस."

चोर हुशार होते. कुणाला संशय येऊ नये म्हणून आपल्या विषाच्या आत त्यांनी खरी बोलकी भरली होती. म्हणजे वर ताई "झालं बरं का" म्हणत होती तेव्हा आत तिच्या एकेका वाक्याला कुलूप लागत होतं, आणि भावोजी समाधानाने ऐकत होते. धाकटीने हे त्यांना सांगितलं नाही. काही गोष्टी सांगून कुणाचं भलं होत नाही.

त्या लाल चौकटीतल्या पत्त्यावर लिहिलेला मेल परत आला. पत्ता बंद होता. चोर पुढच्या गावाला गेले होते आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली होती. मास्तरांनी त्या फायली मागवून घेतल्या, सगळी कामं बाजूला टाकली आणि आठवडाभर कुलपाशी झटापट केली. शेवटी फोन करून म्हणाले, "नाही उघडत. कुलूप चांगलं केलंय." हे म्हणताना त्यांच्या बोलण्यात कारागिराने कारागिराचं करावं तसं कौतुक डोकावलं. त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. 

"शिक्का घ्यायला हवा होता," धाकटी म्हणाली.

"अर्ज केलाय मी," मास्तर म्हणाले. "कालच."

धाकटीने फोन ठेवला. रागावावं इतकंही त्राण तिच्यात नव्हतं.

मग ताईचा आवाज आणखी कुठे सापडतो का याची शोधाशोध झाली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतली फोनची ध्वनिमुद्रणं ठरावीक काळाने पुसली जात. ताईची केव्हाच पुसली गेली होती. निरोप बोलून पाठवायचा तिला तिटकारा होता. "दिवसभर फोनवर बोलते, आता फोनमध्ये पण बोलू?" म्हणायची. नातेवाइकांच्या चित्रफितींत ती सापडली ती गर्दीच्या कडेला, गोंगाटात, अर्धं वाक्य, अर्धं हसू. मास्तरांनी त्या इन्स्टॉलच्या एका वाक्यावरून नव्या पद्धतीने अख्खा आवाज तयार करून पाठवला. धाकटीने तो ताईला ऐकवला. ताईची नक्कल करणारी कुणी हुशार बाई बोलावी, तसा तो होता. हसण्याआधीची ती पायरी त्यात नव्हती. ताईने डोळे मिटून घेतले. डोळे मिटणं म्हणजे नको.

आणि ताई एकटी नव्हती. निरोप येत राहिले. "तुमच्या पानावर लिहिल्याप्रमाणेच केलं." एका माणसाने लिहिलं, बायकोला जाऊन वर्ष झालं, अधूनमधून काहीबाही लिहून तिच्याकडून म्हणवून घ्यायचो, ते आता बंद झालं, काही करता येईल का? धाकटीने प्रत्येकाला उत्तर लिहिलं, आणि उत्तर प्रत्येकाला एकच होतं. चोरांच्या पानाची तक्रार केली की ते बंद व्हायचं आणि दोन दिवसांत नव्या पत्त्यावर उगवायचं. स्वतःच्या पानावरून तिने चित्र, बाण आणि कुत्रा सगळं काढून टाकलं. त्याबरोबर जुन्या तक्रारी परत सुरू झाल्या: धोका दाखवतंय, दाबू का? 

ताईला नव्या लॅपटॉपबरोबर आलेलाच आवाज लावावा लागला. बँकेच्या फोनवर रांगेत थांबा म्हणणाऱ्या बाईचा असतो, तसला. ताई डोळ्यांनी एकेक अक्षर निवडायची आणि ती बाई ते सपाट वाचून टाकायची. ताईने तिच्याकडून एकही शिवी म्हणवून घेतली नाही. कामापुरतं बोलायची. पाणी. कूस. पडदा ओढा. पाणीपुरवठ्याच्या बायका एकदा येऊन गेल्या. 

सुट्टीच्या दिवशी दुपारी धाकटी पेन ड्राइव्ह घेऊन आली. आपल्याच पानावरून, चार लोक घेतात तशी, तिने बोलकीची फाईल उतरवून घेतली होती आणि तिच्या पोटातून ते एक वाक्य काढलं होतं. ताईचा जेवढा आवाज जगात उरला होता तेवढा एवढाच होता, आणि तो कुणीही, कुठूनही, तिन्ही घराण्यांच्या संगणकांवर फुकट डाउनलोड करू शकत होतं. ताईच्या पडद्यावरच्या अक्षरांच्या पटावर तिने एका कडेला हिरवा चौकोन बसवला. त्याच्याकडे टक लावून पाहिलं की ते वाक्य वाजेल, अशी व्यवस्था केली.

भावोजी खिडकीशी बसून होते. ते दुकानात कमी आणि इथे जास्त असत, आणि लॅपटॉपकडे पाठ करून बसत. म्हणाले, "आता हे कशाला? जे माझ्या हातून गेलं ते गेलं. जन्मभर लोकांना शेवटची ओळ वाचायला लावली आणि स्वतः पहिली वाचली नाही. पत्ता वरच होता."

"तुमच्या हातून नाही, भावोजी. धोका आहे असं संगणक सांगत होता, आणि मी सांगत होते की ऐकू नका. तुम्ही माझं ऐकलंत."

"ऐकलं तर ऐकलं. दाबणारा हात माझा."

"लिहिणारा माझा."

ताईचे डोळे पटावर फिरू लागले. दोघं थांबले. तिला एक शब्द लिहायला बराच वेळ लागायचा आणि मध्ये बोलायचं नाही हा घरातला नवा रिवाज होता.

"भांडू नका," ती परकी बाई म्हणाली. मग पुन्हा वेळ गेला. "ह्यांनी मला विचारलं होतं."

भावोजी खुर्चीवरून अर्धवट उठले. "राहू दे ना आता. कशाला ते?"

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. हे त्यांनी इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मरेपर्यंत सांगितलं नसतं.

"पाटी पाहून थांबले," बाई वाचत होती, कुठे चढ नाही, उतार नाही. "पान वाचून दाखवलं. दाबू का म्हणाले."

धाकटीला पुढचं कळलं होतं. तरी अक्षरं एकेक करून येत राहिली आणि तिला ती थांबवता येईनात.

"मी डोळ्यांनी हो म्हटलं. कुत्र्याचं ऐकलं. तुझंच आहे असं वाटलं."

भावोजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. काचा स्वच्छच होत्या. धाकटीने ताईचं मनगट धरलं. लहानपणी तिचं धरलं जायचं तसंच धरलं, पण या मनगटात आता ओढून न्यायची ताकद नव्हती, ते नुसतंच हातात राहिलं.

ताईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग तिचे डोळे सावकाश पटाच्या कडेला सरकले, त्या हिरव्या चौकोनावर जाऊन थांबले, आणि खोलीत ताई बोलली. जाडसर, घोगरी, शेवटी हसू येणार असल्यासारखी.

"झालं बरं का. आता तुम्ही बोला."

परक्या बाईच्या तोंडून तिने धाकटीला तू म्हटलं होतं, आणि स्वतःच्या आवाजात आता ती तिला तुम्ही म्हणत होती, तक्रार घेऊन आलेल्या कुणालाही म्हणावं तसं. धाकटीने तोंड उघडलं. मागून एक ट्रक गेला, तो पुरता जाईपर्यंत ती तशीच बसली, आणि तरी काही आलं नाही. ताईने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पुन्हा त्या चौकोनाकडे पाहिलं.